पोस्टकार्डाएवढी फट

खिडकीची काच वाजतेय, हे हिने आधी ऐकलं.

टोमॅटोच्या हंगामात मी पहाटे चारला पिकअप चालू करतो आणि ती अंगणात गरम होईपर्यंत चहा प्यायला आत येतो. जुन्या डिझेल इंजिनाला उठल्या उठल्या ओझ्याला जुंपायचं नाही, ही माझ्या वडिलांनी, अण्णांनी लावलेली सवय. गाडी त्यांनीच घेतलेली, २००४ साली. त्या दिवशी हातात कप देता देता ही थांबली आणि म्हणाली, "अहो, काच वाजतेय." स्वयंपाकघराची अंगणाकडची खिडकी, तिच्या खालच्या तावदानाची लांबी कधीच सुटलेली. ते तावदान चौकटीत बारीक थरथरत होतं. गाडी बंद केली, काच थांबली. पुन्हा चालू केली, पुन्हा वाजायला लागली.

हिला अर्धशिशीचा त्रास आहे. ज्या आवाजाकडे माझं लक्षही जात नाही, तो तिच्या कपाळात जाऊन बसतो. आवाजाच्या बाबतीत तिचा शब्द मी कधी खोडत नाही.

केबिनमध्ये जाऊन बसलो. गिअरचा दांडा वाऱ्यातल्या कणसासारखा डुलत होता. बाजूच्या आरशात पडवीतला दिवा ठिपका न दिसता आडवी रेघ दिसत होता. सीटमधून कमरेत एक हिसका येई, मग जरा दम, मग पुन्हा हिसका. ॲक्सिलरेटरवर नुसता पाय टेकवला आणि सगळं निवांत झालं. साठ क्रेट भरून पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीकडे निघालो, तर वाटेत गाडीने कसलीच कुरकुर केली नाही. चढाला ओढत होती, धूर बेताचा होता. फाटकापाशी रांगेत उभी राहिली, की मात्र पुन्हा अंगात आल्यासारखी घुमायला लागायची.

चालताना बरी आणि उभी राहिली की आजारी, हे कोडं मला तेव्हा नीट उलगडत नव्हतं. आता थोडं कळतं. चार सिलिंडरचं इंजिन स्लोला मिनिटात साधारण आठशे फेरे घेतं. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे चौघांचे मिळून सेकंदाला सव्वीस-सत्तावीस ठोके पडतात. इतके जवळजवळ पडणारे ठोके अंगाला वेगळे कळत नाहीत, त्यांची एक घरघर होते. त्यातला एक गप्प झाला, की सेकंदाला सहा-सात वेळा त्या घरघरीत खड्डा पडतो, आणि सेकंदाला सहा-सात खड्डे माणसाच्या कमरेला, गिअरच्या दांड्याला, सुटलेल्या काचेला बरोबर मोजता येतात. भजनात मृदंगावरची एक थाप चुकली, तर ताल न कळणाराही मान वर करून बघतो, तसंच हे.

पुन्हा स्लोला डिझेल तरी किती जातं? एका सिलिंडरला एका वेळी एका थेंबाहूनही कमी. एवढ्याशा घासात कुणाला तीळभर कमी-जास्त झालं, तरी ते दिसतं. ओझं घेतलं की घास मोठा होतो, वेग वाढतो, जड फ्लायव्हील आपल्या फिरण्याच्या जोरावर खड्डे बुजवून टाकतं आणि चौघांतला एक कमी काम करतोय हे झाकून जातं. त्यातही गव्हर्नर नावाचा एक भाग असतो. फेरे कमी झाले की तो डिझेल वाढवतो. पण चौघांचं डिझेल वाढवणारी पट्टी एकच. आजारी कोण आणि धडधाकट कोण, हे तिला ठाऊक नसतं. म्हणजे एक बसला की बाकीचे तिघं त्याच्या वाटचंही ओढत राहतात आणि गाडी बंद पडत नाही. मालकाला वाटतं, चाललंय की.

मीही तीन आठवडे तसंच चालवलं. मार्गशीर्षातली थंडी वाढत होती. आमच्या जिल्ह्यात निफाडकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आमच्या दिंडोरीच्या बाजूलाही पहाटे हात गारठतात. सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर यायला लागला, डोळ्यांना झोंबणारा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न पेटताच बाहेर पडतंय, एवढं ड्रायव्हर मंडळींना पाठ असतं. त्यामुळे बाजार समितीच्या आवारात सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं एअर घेतेय, कुणी म्हणालं नोझल गेलंय. एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच पंप आणि चारही नोझल खोलायचे म्हणून बत्तीस हजारांचा आकडा सांगितला. त्या दिवशी टोमॅटोच्या क्रेटला जो भाव मिळाला होता, तो आठवून माझ्या पोटात खड्डा पडला. दुसऱ्याने सांगितलं, फाउंडेशन बसलंय, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर टेकलेलं असतं ती रबरं गेलीत. ती बदलली. थरथर निम्मी झाली. चार दिवस मी खूश होतो. पाचव्या दिवशी काच वाजली.

मग वस्तादांकडे गेलो. आधीच का गेलो नाही, याचं उत्तर मला नीट देता येत नाही. ते सत्तरीच्या पुढचे. कडुनिंबाखाली पत्र्याची शेड, बाकड्यावर पान्ह्यांची चळत आणि बाजूला डिझेलने भरलेलं जुनं घमेलं. अण्णांची गाडी त्यांच्याच हाताखालची होती. अण्णा गेल्यावर वाकडी वाट करून तिथवर जाणं माझ्याकडून सुटत गेलं, एवढंच खरं.

त्यांनी गाडीला हात लावला नाही. शेडच्या सावलीत उभं राहून म्हणाले, "भाऊ, कधी थरथरते ते मला दिसतंय. कधी थरथरत नाही ते सांगा."

मी सांगत गेलो. रेस दिली की थांबते. ओझ्याला थांबते. थंडीत जास्त असते, पण गरम झाल्यावरही पुरती जात नाही. या शेवटच्या वाक्यावर त्यांनी मान हलवली. डिझेलमध्ये पाणी आलंय का, वर्षभरात काय काय बदललं, फिल्टर कधीचा, हे विचारलं. नवीन रबरांवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाले, "रबर चांगलं टाकलंय. पण रबर हादरा लपवतं, बनवत नाही. हादरा बनतो वर."

नंतरचे दोन-अडीच तास मी जे पाहिलं, ते मला जन्मभर आठवेल. स्वस्तातला प्रश्न आधी, महागातला शेवटी, हा त्यांचा क्रम होता. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये त्यांनी पारदर्शक नळीचा एक वीतभर तुकडा जोडला आणि इंजिन चालू ठेवलं. डिझेलच्या वाटेवर कुठे केसाएवढी चीर असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि नळीत बुडबुडे दिसतात. आम्ही दोघं त्या पिवळसर धारेकडे बघत बसलो. एकही बुडबुडा नाही. मग ऑइल भरायचं झाकण उघडून त्यांनी तळहात वर धरला. रिंगा झिजल्या असतील तर पेटलेला वायू पिस्टनच्या कडेने खाली उतरतो आणि झाकणातून भसाभस वर येतो. गॅरेजच्या भाषेत त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. हाताला नुसती ऊब लागली. म्हणजे इंजिनचं मोठं काम नव्हतं. माझ्या छातीवरचा एक धोंडा तिथेच उतरला.

मग त्यांनी पान्हा घेतला आणि पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या चार लोखंडी नळ्यांपैकी पहिलीचा नट चालू इंजिनावर अर्धा फेरा ढिला केला. तिथे जुनं फडकं गुंडाळलेलं होतं, डिझेल त्यात झिरपलं. नट ढिला झाला की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही, म्हणजे आपण त्याला मुद्दाम गप्प करतो. इंजिन एकदम लंगडलं, बंद पडता पडता सावरलं. नट आवळला. दुसरा ढिला केला, पुन्हा तसंच लंगडलं. तिसरा ढिला केला.

काहीच झालं नाही.

थरथर होती तेवढीच राहिली. आवाज तोच, फेरे तेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौथा ढिला केल्यावर इंजिन पुन्हा लंगडलं. पुन्हा तिसरा, पुन्हा काही नाही. आजारी कोण हे कसं शोधायचं, तर ज्याला काढून घेतल्याने काही फरकच पडत नाही, तो. मी शेताच्या बांधावर वाढलेला माणूस, यंत्रं आयुष्यभर वापरली, पण ही रीत इतकी साधी आणि इतकी पक्की असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या तिसऱ्या नटापाशी मला उगाच वाईटही वाटलं. तीन आठवडे हा गडी तिथे होता, पिस्टन वर-खाली करत होता, आणि तो नसता तरी चाललं असतं.

इथे एक सांगितलं पाहिजे. हे जुन्या गाड्यांचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या, त्याच्या बऱ्याच आधीपासून कॉमन रेल आलेली आहे. तिच्या नळ्यांमध्ये हजार बारच्या पुढचा दाब असतो. तिथे चालू इंजिनावर नट ढिला करायला गेलात तर जीवाशी खेळ होईल. तिथे स्कॅनर लावतात आणि कोणता सिलिंडर किती मागे आहे ते पडद्यावर आकड्यांत दिसतं. तेही मोठं शहाणपण आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण आमच्या गाडीला बोलायला पडदा नव्हता. तिला प्रश्न विचारायचा तर पान्ह्यानेच.

तिसरा सिलिंडर सापडला, म्हणजे मला वाटलं नोझल सापडलं. वस्ताद म्हणाले, "घाई नको." त्यांनी तिसऱ्याचं नोझल काढलं, नळीला बाहेरच जोडलं आणि माझ्याकडून स्टार्टर मारून घेतला. आधी मला हात लांब ठेवायची ताकीद दिली. ही धार दोनशे बारच्या आसपासच्या दाबाने सुटते, गाडीच्या मागच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ पन्नासपट. ती कातडीतून आत शिरते आणि बोट कापावं लागण्यापर्यंत वेळ येते. नोझलमधून धुक्यासारखा फवारा उडाला, बारीक, सारखा, आणि टोकाला एकही थेंब न लोंबता तुटला. द्राक्षाच्या बागेत औषध मारणाऱ्या माणसाला चांगला फवारा कोणता हे शिकवावं लागत नाही. नोझल चांगलं होतं आणि त्याला डिझेल पुरवणारा पंपही.

नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला नोझलबद्दल एक आपुलकी असते. सातपूरला मायकोचा कारखाना, तिथे डिझेलची नोझल बनत आली. शहरातल्या एका चौकाचं नावच मायको सर्कल. आमच्या गावातली दोन-तीन पोरं तिथे लागली तेव्हा पेढे वाटले होते. त्यातल्या एकाने मला एकदा सांगितलं होतं, की नोझलची सुई आणि तिचं घर यांच्यात दोन-तीन मायक्रॉनचंच अंतर असतं, आणि माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. इतक्या मापाची वस्तू धुळीच्या रस्त्यावर टोमॅटो ओढणाऱ्या गाडीत वीस वर्षं काम करते. म्हणून सगळ्यांनी एकमुखाने नोझलवर बोट ठेवलं तेव्हा मला ते पटत होतं आणि वाईटही वाटत होतं. वस्तादांनी तरीही खात्री केली. नवे तांब्याचे वॉशर घालून तिसऱ्याचं नोझल पहिल्याला आणि पहिल्याचं तिसऱ्याला बसवलं. आजार नोझलबरोबर पहिल्यात गेला असता तर दोष नोझलचा. तो गेला नाही. तिसऱ्यातच राहिला. बत्तीस हजारांच्या कामातून नेमका आजार सोडून बाकी सगळं दुरुस्त झालं असतं.

मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. वर्तमानपत्राचा एक कपटा सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. चांगल्या इंजिनावर कागद सारखा बाहेरच्या बाजूला फडफडतो. हा कागद फडफडता फडफडता मध्येच आत ओढला जात होता, ठरावीक ठेक्यात, जणू कुणी आतून हुंदका देत होतं. त्यानंतर त्यांनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरने १८१६ साली कागदाची गुंडाळी करून पेशंटच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप निघाला, हे आम्हाला शाळेत सांगितलं होतं. वस्तादांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं, ते मी चांगल्या डॉक्टरांच्याच चेहऱ्यावर पाहिलं आहे. समोरचा माणूस, शेड, रस्ता, सगळं विसरून फक्त आत गेलेला चेहरा.

मूठ माझ्या कानाला लावून ते म्हणाले, "ऐका."

मी ऐकलं. टक टक टक टक, सुताराच्या बारीक हातोडीसारखं. टोक सरकवत त्यांनी दुसरीकडे नेलं. तेच. तिसऱ्यावर नेलं. तिथे आवाज दूरचा, शेजाऱ्याचा येत होता. त्याचा स्वतःचा नव्हता.

"वाजत नाही," मी म्हणालो.

"तेच तर," वस्ताद म्हणाले.

तीन आठवडे मी, बाजारातले ड्रायव्हर, ते गॅरेजवाले, आम्ही सगळे जास्तीचा आवाज शोधत होतो. काय खडखडतंय, काय ठोकतंय, कुठून कटकट येते. आणि दोष होता तो एका जागी आवाज नसण्यात.

इंजिन बंद करून थंड होऊ दिलं. कव्हर उघडलं. आत काळसर ऑइलने माखलेले आठ रॉकर ओळीने बसलेले. वस्तादांनी पुलीला पान्हा लावून इंजिन हाताने फिरवलं. आमच्या इंजिनाचा पेटण्याचा क्रम एक-तीन-चार-दोन. दोन नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह जिथे एक मिटत एक उघडत असतो तिथे आणून थांबलं, की तीन नंबरचे दोन्ही पूर्ण मिटलेले असायला हवेत. तिथे थांबून त्यांनी मला पुश रॉड, म्हणजे रॉकरला खालून उचलणारी सळई, बोटांनी फिरवायला सांगितलं. आत हवा घेणाऱ्या व्हॉल्व्हचा फिरला. धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा फिरेना. जोर लावला तरी फिरेना. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये फटच उरली नव्हती.

मला ते तिथल्या तिथे कळलं, आणि ते कळलं अण्णांमुळे.

मी सहावी-सातवीत होतो तेव्हा आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं ऑइल इंजिन होतं. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी काढली, आणि त्या एका गोष्टीने आमच्यासारख्या किती विहिरींवरची मोट उतरवली ते मोजता यायचं नाही. आमचं इंजिन हँडल मारून चालू करावं लागे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा कोंडून, दाबून दाबून सतरा-अठराव्या हिश्शावर आणायची, की ती इतकी तापते की डिझेल तिच्यात पडताच पेटतं. सायकलचा पंप मारताना तळाशी हात पोळतो, तेच तत्त्व. रुडॉल्फ डिझेलने ते १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला चालवून दाखवलं. पण एवढी दाबलेली हवा हाताने फिरवणाऱ्या माणसाला उलट ढकलते. म्हणून इंजिनावर एक लहान दांडी असायची. ती उचलली की व्हॉल्व्ह जरासा उघडा राहतो, हवा निसटते आणि हँडल हलकं फिरतं. अण्णा हँडल मारायचे, मी दांडी धरून उभा राहायचो. इंजिन फस फस करत फिरायचं. जड चाकांनी वेग धरला की अण्णा ओरडायचे, "सोड!" मी दांडी सोडायचो, व्हॉल्व्ह मिटायचा, आणि पहिला ठोका बसायचा. तो ठोका माझ्या छातीत बसायचा. वाफ्यात पाणी पोचेपर्यंत मी त्या आवाजाच्या नादात असायचो. अण्णा पार दुसऱ्या टोकाला बांधावर असले तरी इंजिनचा सूर बदलला की त्यांना कळायचं, आणि ते मला पळवायचे.

आमच्या पिकअपचा तिसरा सिलिंडर म्हणजे कुणी ती दांडी थोडीशी उचलून ठेवली होती. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता. दाबायची हवा त्या फटीतून सायलेन्सरकडे पळत होती. इंजिन हळू फिरत असताना तिला पळायला वेळ मिळे, म्हणून स्लोला पेटत नव्हतं. वेगात पळायला वेळच नाही, म्हणून चालताना पेटत होतं. थंडीत हवा मुळातच कमी तापते, म्हणून सकाळी जास्त. माझ्या तीन आठवड्यांच्या सगळ्या निरीक्षणांची उत्तरं त्या न फिरणाऱ्या सळईत होती.

व्हॉल्व्हच्या डोक्यावर फट का ठेवतात, हे वस्तादांनी कव्हर पुसता पुसता सांगितलं. धुराचा व्हॉल्व्ह शेकडो अंशांत तापतो. तापलेलं लोखंड लांबतं. लांबायला जागा ठेवली नाही, तर ते वरच्या रॉकरवर टेकतं आणि खाली आपली बैठक सोडतं. बैठकीवर टेकलं नाही, की आपली उष्णता तिला देता येत नाही, आणि कड जळायला लागते. आणखी दोन महिने असंच चाललं असतं तर हेड उतरवावं लागलं असतं. फट किती, तर पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. त्या फटीमुळेच टॅपेट वाजतं. टकटक हा त्या जागेचा आवाज.

"ही फट कुणी इतकी आवळली?" त्यांनी विचारलं. त्यांना त्या कारागिराचं नाव हवं होतं, कदाचित दोन शब्द सुनवायला.

मला आठवलं. अडीच वर्षांपूर्वी हिचं डोकं फार दुखायचं. अंधाऱ्या खोलीत ओला पंचा कपाळावर घेऊन पडून असायची आणि पहाटे मी गाडी चालू केली की कळवळायची. मी बाजाराच्या वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये गेलो होतो आणि सांगितलं होतं, ही कटकट बंद करून द्या. तो म्हणाला होता, थोडा आवाज असू द्यावा लागतो. मी म्हणालो होतो, नको, अजिबात नको. त्याने माझ्या देखत फटी कमी केल्या. गाडी शांत झाली. मी त्याला वर पन्नास रुपये दिले. पुढे व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजत थोडा थोडा वर सरकत गेला, आणि उरलीसुरली फट संपली. तिसऱ्याची आधी संपली, एवढंच.

"मीच," मी म्हणालो, आणि कारण सांगितलं.

वस्ताद काही बोलले नाहीत. फीलर गेजची पातळ पाती काढून त्यांनी आठही फटी एकेक करून बसवल्या. पाती सरकताना तिला किंचित ओढ लागली पाहिजे, तुपात बुडवलेली सुरी काढावी तशी. ती ओढ त्यांनी मला माझ्या बोटांनी घ्यायला लावली, दोनदा. कव्हर बसवून गाडी चालू केली. आधी थोडी लंगडली. मग तिसरा पेटला. पहिला ठोका बसला तेव्हा मी आपोआप हात खाली सोडला, दांडी सोडल्यासारखा. आरशात निंबाच्या फांदीची प्रत्येक काडी वेगळी दिसत होती. आणि टॅपेट वाजत होती, आठही, स्पष्ट.

सगळ्याचे त्यांनी सातशे रुपये घेतले, त्यात वॉशर आले. महिन्याभराने पुन्हा फटी बघायला या म्हणाले. जळलेली कड आपली आपण बैठक धरते का, ते बघायचं होतं. निघताना म्हणाले, "वहिनींना सांगा, आवाज राहणार."

घरी आल्यावर मी हिला सगळं सांगितलं, अडीच वर्षांपूर्वीचंही. तिला ते ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं गाडी जुनी होता होता निवत गेली. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मी म्हणालो, उद्यापासून गाडी पलीकडे गोठ्याजवळ लावतो, आवाज खोलीपर्यंत येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मी गाडी गोठ्याजवळच चालू केली. तिथून ती घरघर, टकटक ऐकू येत होती, अंधारात बरीच लांबून यावी तशी. आत आलो तर ही चुलीपाशी नव्हती. खिडकीशी उभी होती, सुटलेल्या तावदानावर तळहात टेकवून.

"वाजत नाही," ती म्हणाली.

"आणि ती टकटक? त्रास होतोय का?"

तिने हात काचेवरून काढला नाही. थोडं ऐकलं.

"होऊ दे," ती म्हणाली. "गाडी अंगणातच आणा. एवढ्या अंधारात साठ क्रेट गोठ्यापर्यंत कोण वाहणार?"